सहाचे बारा कसे झाले?



सी भाषेचा क्लास करून नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींना एक प्रश्न हमखास विचारला जातो. एका रचनेत, म्हणजे सी भाषेत ज्याला स्ट्रक्चर म्हणतात त्यात, आधी एक अक्षर आहे, मग एक पूर्णांक आणि मग पुन्हा एक अक्षर. अक्षराला एक बाइट लागतो, पूर्णांकाला चार. तर रचना किती बाइटांची? सरळ बेरीज केली तर सहा. संगणकाला विचारले तर तो बारा सांगतो. क्लासमध्ये 'बारा लिहा' एवढेच सांगतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. मुले बारा पाठ करतात. मुलाखत घेणारे साहेब मग विचारतात, 'बारा का?' आणि तेथे गाडी अडते.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. बेरजेत सहाचा फरक आला तर तो कोठे गेला हे सापडेपर्यंत आम्हांला चैन पडत नाही. या फरकाच्या मागे लागलो तेव्हा कळले की हा प्रश्न केवळ मुलाखतीचा नाही. ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणाऱ्यांनी गेली पन्नास-साठ वर्षे ज्यात डोके घातले आहे, तोच हा विषय आहे. घरात मुलगा किंवा मुलगी संगणक शिकत असेल तर आई-वडिलांनीही हे वाचावे. हिशोब चौथीचा आहे. भागाकार आला की पुरे.

मेमरी म्हणजे क्रमांक टाकलेल्या खोल्यांची एक लांबच लांब चाळ समजा. पहिल्या खोलीचा क्रमांक शून्य. एका खोलीत एक बाइट राहतो. चार बाइटांचा पूर्णांक असेल तर त्याला लागून चार खोल्या द्याव्या लागतात. आता प्रोसेसर काही खोलीखोलीला जाऊन एकेक बाइट आणत नाही. तो चार खोल्यांचा गट एका खेपेत उचलतो. शून्य ते तीन हा एक गट, चार ते सात हा दुसरा, आठ ते अकरा तिसरा. मोठे प्रोसेसर एका खेपेत आठ किंवा त्याहूनही जास्त उचलतात. आपला पूर्णांक चार ते सातमध्ये राहत असेल तर काम एका खेपेत होते. तो पाच ते आठमध्ये राहत असेल तर दोन खेपा होतात, आणि वर पहिल्या गटातले तीन व दुसऱ्या गटातला एक वेगळा काढून जोडण्याचे काम निघते.

म्हणून नियम ठरला. दोन बाइटांची वस्तू दोनने भाग जाणाऱ्या क्रमांकावर सुरू व्हावी, चार बाइटांची चारने, आठ बाइटांची आठने. याला अलाइनमेंट म्हणतात. रकान्यात आकडा बसवणे, असे आम्ही त्याला म्हणू. खतावणीत एकाच रकमेचे अर्धे आकडे या पानाच्या तळाला आणि अर्धे पुढच्या पानाच्या डोक्याला कोणी लिहीत नाही. तसेच हे.

आता सहाचे बारा पाहा. पहिले अक्षर शून्य क्रमांकावर बसले. पूर्णांकाची पाळी आली तेव्हा पुढची खोली एक क्रमांकाची होती, पण एकाला चारने भाग जात नाही. म्हणून कंपायलरने एक, दोन आणि तीन या खोल्या रिकाम्या सोडल्या आणि पूर्णांक चार ते सातमध्ये ठेवला. दुसरे अक्षर आठमध्ये गेले. येथे नऊ झाले. पण अशाच रचना ओळीने एकापुढे एक मांडायच्या असतील तर दुसऱ्या रचनेचा पूर्णांकही रकान्यात यायला हवा, म्हणून नऊ, दहा, अकरा याही रिकाम्या. झाले बारा. हेच तीन घटक पूर्णांक आधी आणि दोन्ही अक्षरे मागे असे लिहिले तर आठ बाइटांत काम भागते. एक लाख नोंदी असतील तर केवळ क्रम बदलल्याने चार लाख बाइट वाचतात. रिकाम्या खोल्यांना पॅडिंग म्हणतात.

आणि हे बारासुद्धा सगळीकडे बारा नाहीत! मोटोरोला ६८००० या जुन्या घराण्यावरील लिनक्समध्ये पूर्णांकाला नुसता सम क्रमांक चालतो. तेथे हीच रचना आठ बाइटांत मावते. तेव्हा 'किती बाइट?' या प्रश्नावर 'कोणत्या प्रोसेसरवर?' असे नम्रपणे विचारणारा उमेदवार आम्हांला पाठांतर करणाऱ्यापेक्षा जास्त जाणता वाटतो.

रकाना मोडला तर काय होते? याचे उत्तर प्रत्येक प्रोसेसर वेगळे देतो, आणि खरी डोकेदुखी तीच आहे. १९६४ च्या आयबीएम सिस्टीम ३६० मध्ये ही शिस्त सक्तीची होती. १९७० च्या ३७० मालिकेत ती बरीच सैल झाली. युनिक्स ज्या पीडीपी-११ यंत्रावर वाढले ते विषम पत्त्यावरून दोन बाइटांचा शब्द मागितला की काम थांबवत असे. १९७९ चा मोटोरोला ६८००० तसाच कडक होता, १९८४ च्या ६८०२० ने माहितीच्या बाबतीत सूट दिली. इंटेलचे घराणे मात्र १९७८ च्या ८०८६ पासून मवाळ. वाटेल त्या पत्त्यावरून मागा, ते दोन खेपा मारील, पण आणून देईल. १९८९ च्या ४८६ मध्ये इंटेलने 'शिस्त मोडली तर अडवा' अशी एक खूण ठेवली. ती चालू करणारे फारसे कोणी निघाले नाही, कारण तयार लायब्रऱ्याच जागोजागी शिस्त मोडणाऱ्या होत्या.

सन कंपनीचे स्पार्क हे प्रोसेसर दुसऱ्या टोकाचे. रकाना मोडला की 'बस एरर' म्हणून प्रोग्राम तेथेच बंद. पुण्याच्या सी-डॅकने १९९८ मध्ये उभारलेला परम १०००० हा महासंगणक सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर चालत असे. घरच्या इंटेल पीसीवर बिनबोभाट चाललेला प्रोग्राम अशा यंत्रावर नेला तर पहिल्याच फटक्यात मरू शकतो, आणि मग 'यंत्र खराब आहे' अशी तक्रार होते. यंत्र खराब नसते. चूक पीसीवरही होतीच, पीसीने ती झाकून नेली एवढेच.

पण आम्हांला विचाराल तर स्पार्कचा खाक्या बरा. सर्वांत वाईट वागणूक जुन्या एआरएम प्रोसेसरांची होती. ते ओरडत नसत आणि बरोबर उत्तरही देत नसत. उदाहरण घ्या. एका गटात ओळीने १, २, ३, ४ ठेवले आहेत, पुढच्या गटात ५, ६, ७, ८. आपण दुसऱ्या खोलीपासून चार बाइट मागितले. यायला हवेत २, ३, ४, ५. जुना एआरएम पहिलाच गट उचलून तो गोल फिरवून देत असे, म्हणजे हातात पडत २, ३, ४, १. पाचाच्या जागी एक! ना थांबणे, ना इशारा. आमच्या कामात असे म्हणायचे तर बेरीज चुकलेली पावती सही-शिक्क्यानिशी बाहेर पडली. एआरएमव्ही६ या पिढीपासून साध्या वाचन-लेखनापुरती ही खोड गेली.

ही माणसांची गोष्ट नाही, यंत्रांची आहे, पण शिकण्यासारखे वागणे एका माणसांच्या गटाचे आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये डेव्ह कटलर यांच्या गटाने विंडोज एनटी लिहायला घेतली तेव्हा आधी इंटेलच्याच आय-८६० या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर आणि मग मिप्स प्रोसेसरवर काम केले. ओळखीचे मवाळ एक्स-८६ यंत्र त्यांनी मुद्दाम मागे ठेवले. हेतू असा की एकाच यंत्राच्या सवयी हाताला लागू नयेत. १९९३ मध्ये एनटी बाहेर आली ती एक्स-८६, मिप्स आणि अल्फा अशा तिन्हींवर चालणारी.

आता कोणी म्हणेल, कंपायलर रिकाम्या खोल्या सोडतोच आहे, मग ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांना काय अडचण? अडचण अशी की त्यांच्याकडे येणारी माहिती त्यांच्या कंपायलरने मांडलेली नसते. ती तारेवरून येते, डिस्कवरून येते, दुसऱ्याच्या यंत्रातून येते.

इथरनेटच्या तारेवरून येणारे पुडके घ्या. सुरुवातीला पाठवायचा पत्ता सहा बाइट, पाठवणाऱ्याचा पत्ता सहा बाइट, प्रकार दोन बाइट. एकूण चौदा. त्यानंतर आयपीचे मथळ्याचे भाग सुरू होतात आणि त्यात चार-चार बाइटांचे आयपी पत्ते असतात, मथळ्याच्या बाराव्या आणि सोळाव्या बाइटापासून. पुडके मेमरीत चारने भाग जाणाऱ्या जागी उतरवले तर पहिला आयपी पत्ता चौदा अधिक बारा, म्हणजे सव्विसाव्या क्रमांकावर येतो. सव्विसाला चारने भाग जात नाही. म्हणजे जगातले प्रत्येक पुडके रकाना मोडूनच येणार! यावर लिनक्सने केलेली युक्ती इतकी साधी आहे की हसू यावे. पुडके उतरवण्याआधी दोन बाइट कोरे सोडायचे. दोन आणि चौदा सोळा, सोळाला चारने भाग जातो, पुढचे सगळे आपोआप रकान्यात. समासात दोन बोटे जागा सोडून लिहिण्यासारखेच आहे हे. मात्र एक्स-८६ आणि पॉवरपीसीवर लिनक्स हे दोन बाइट सोडत नाही. तेथे मोडलेल्या रकान्याचे वाचन स्वस्त पडते, आणि नेटवर्क कार्डाने तिरप्या जागी माहिती उतरवणे महाग पडते. एकाच कर्नलमध्ये एका यंत्राला औषध ते दुसऱ्याला अपाय.

दुसरी जागा म्हणजे प्रोग्राम आणि कर्नल यांच्यामधली खिडकी. प्रोग्राम अर्ज भरून खिडकीत सरकवतो, कर्नल तो वाचतो. दोघांचा छापील नमुना एक हवा. आता चार बाइटांचा एक आकडा आणि त्यामागे आठ बाइटांचा एक आकडा अशी रचना घ्या. इंटेलच्या ३२ बिटांच्या लिनक्समध्ये आठ बाइटांच्या आकड्याला रचनेच्या आत चारने भाग जाणारी जागा चालते, म्हणून रचना बारा बाइटांची. ६४ बिटांच्या लिनक्समध्ये त्याला आठचीच जागा लागते, म्हणून मध्ये चार रिकामे, रचना सोळा बाइटांची. जुना ३२ बिटांचा प्रोग्राम नव्या ६४ बिटांच्या कर्नलवर चालवला की अर्जदार बारा रकान्यांचा नमुना भरतो आणि खिडकीतला कारकून सोळा रकान्यांचा वाचतो. यासाठी कर्नलमध्ये भाषांतराचा वेगळा विभागच ठेवावा लागला. म्हणून जाणकार सांगतात की खिडकीतून जाणाऱ्या रचनेत रिकामी जागा कंपायलरवर सोडू नका. तिला नाव देऊन स्वतःच्या हाताने लिहा.

नाव देऊन लिहिण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते पैशाअडक्याशी संबंधित माणसाला लगेच पटेल. रिकामी खोली म्हणजे धुऊन काढलेली खोली नव्हे. आधी तेथे जे राहत होते त्याचे अवशेष तसेच पडलेले असतात. कचेरीत कागद वाचवायला पाठकोरे कागद वापरतात. पुढच्या बाजूला सूचना असते आणि मागे कोणाचे तरी पगारपत्रक. सूचना बाहेर गेली की पगारपत्रकही जाते. कर्नलने रचना भरून प्रोग्रामला दिली, सगळे घटक नीट भरले, पण पॅडिंगचे बाइट पुसले नाहीत, तर कर्नलच्या पोटातली माहिती त्या तीन-चार बाइटांतून बाहेर पडते. लिनक्समध्ये अशा गळत्या अनेकदा सापडल्या आणि बुजवल्या गेल्या. उपाय एकच, रचना भरण्याआधी ती सगळीच्या सगळी शून्याने पुसून घ्यायची.

अल्फा या प्रोसेसरची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डिजिटल इक्विपमेंट कंपनीने तो १९९२ मध्ये आणला. त्या काळी अत्यंत वेगवान. पण सुरुवातीच्या अल्फाला एक बाइट लिहिण्याची सूचनाच नव्हती. चार किंवा आठ बाइट उचला, त्यातला एक बदला, सगळे परत ठेवा. एकट्याने काम करायचे तर ठीक. पण दोन कारकून एकाच पानावर काम करीत आहेत असे समजा. दोघांनी ओळीची नक्कल काढली. एकाने पहिला आकडा बदलून ओळ परत चिकटवली. मग दुसऱ्याने तिसरा आकडा बदलून आपली ओळ वर चिकटवली. पहिल्याची दुरुस्ती गेली! त्याने काही चूक केली नव्हती. शेजारच्याने त्याच्या आकड्याला हातही लावायचे ठरवले नव्हते. १९९६ च्या सुधारित अल्फामध्ये बाइटाच्या सूचना आल्या. लिनक्सने मात्र ते पहिले अल्फा २०२४ पर्यंत, ६.१० ही आवृत्ती येईपर्यंत सांभाळले आणि मगच सोडले. इतकी वर्षे एका यंत्राच्या खोडीसाठी सगळ्यांनी काळजी घेतली, याचे कौतुक करावे की हट्ट म्हणावा, आम्ही ठरवू शकलो नाही.

मोडलेला रकाना वाचायचाच असेल तर सरळ मार्ग असा की बाइट एकेक करून आणायचे आणि जोडायचे. सी भाषेत मेमकॉपीने तसे करता येते, आणि लिनक्स कर्नलमध्ये 'गेट अनअलाइन्ड' व 'पुट अनअलाइन्ड' या नावाची तयार साधने आहेत. मवाळ यंत्रावर कंपायलर त्यांची एकच सूचना करून टाकतो, कडक यंत्रावर तुकड्यातुकड्यांनी करतो. म्हणजे बरोबर लिहिल्याचा दंड मवाळ यंत्रावर पडत नाही. रचनेला 'पॅक्ड' असे लिहून रिकाम्या जागा काढूनही टाकता येतात. पण त्या रचनेतल्या एखाद्या घटकाचा नुसता पत्ता काढून दुसऱ्याच्या हाती दिला की तो रकाना मोडलेला आहे ही माहिती वाटेत गळते. २०१९ मध्ये आलेला जीसीसी ९ हा कंपायलर याबद्दल आपणहून सावध करतो. ती सूचना बंद करण्याची सवय मुलांनी लावून घेऊ नये.

मिप्स प्रोसेसरने यासाठी दोन खास सूचना दिल्या होत्या. एकीने डावा तुकडा आणायचा, दुसरीने उजवा. युक्ती चांगली, पण तिच्यावर अमेरिकेत पेटंट. १९८६ च्या डिसेंबरात अर्ज केला होता, २००६ च्या डिसेंबरात मुदत संपली. लेक्स्रा नावाच्या छोट्या कंपनीने आपल्या प्रोसेसरमधून या सूचना गाळल्या तरीही तिला मिप्सने कोर्टात खेचले होते. दोन तुकडे जोडण्यावरून कज्जा!

यंत्र कडक असले आणि प्रोग्राम चुकलेला असला तर कर्नल कधीकधी मध्ये पडतो. प्रोसेसरने हरकत घेतली की कर्नल ती सूचना उघडून पाहतो, स्वतः दोन खेपा मारून उत्तर जोडतो आणि प्रोग्रामला कळूही न देता पुढे चालू देतो. काम होते, पण साध्या वाचनापेक्षा कितीतरी पट वेळ खाऊन.

आज बहुतेक सर्व मोबाइल एआरएमवर चालतात आणि नवा एआरएम साध्या मेमरीत मोडलेला रकाना खपवून घेतो. मग हा विषय संपला का? नाही. उपकरणांच्या पत्त्यांवर तो अजूनही खपवून घेत नाही. यंत्र चालू झाल्यावर मेमरीचा नकाशा लावून होईपर्यंत ६४ बिटांचा एआरएम सगळ्याच मेमरीला उपकरण समजतो, म्हणून अगदी सुरुवातीचा, यंत्र उठवणारा कोड लिहिणाऱ्याला जुनी शिस्त पाळावीच लागते. इंटेलवरही सोळा बाइट एकदम हाताळणाऱ्या काही सूचना सोळाने भाग न जाणारा पत्ता दिला की प्रोग्राम पाडतात. सी भाषेचा नियम तर कधीच मवाळ नव्हता. मोडलेल्या पत्त्याबद्दल ती काहीच हमी देत नाही, आणि कंपायलर त्याचा फायदा घेऊन अशाच सूचना आपणहून घालू शकतो. काल चाललेला प्रोग्राम कंपायलर बदलताच पडतो तो असा.

रिस्क-फाइव्ह या नव्या घराण्यात तर हा निर्णय यंत्र बनवणाऱ्यावरच सोडला आहे. कोणी वायरिंगमध्येच सोय करतो, कोणी हरकत घेऊन खालच्या पातळीच्या कोडकडून तुकडे जोडून घेतो. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे आपल्याकडचे प्रोसेसर याच घराण्यातले. आपल्या मुलांपैकी कोणाला पुढे त्यांवर काम मिळाले तर हा हिशोब त्यांच्यापुढे रोज असेल.

सराव करायला महागडे यंत्र लागत नाही. वाचनालयातल्या साध्या पीसीवर लिनक्स असले तरी जीसीसी किंवा क्लँगला 'सॅनिटाइझ अलाइनमेंट' हा पर्याय देऊन प्रोग्राम बांधता येतो. मग मवाळ इंटेलही कोणत्या ओळीवर रकाना मोडला ते छापून देतो. 'पहोल' नावाचे मोफत साधन प्रत्येक रचनेतल्या रिकाम्या खोल्या क्रमांकासह दाखवते. मुलांनी स्वतःच्याच जुन्या प्रोग्रामांवर ते चालवून पाहावे. आणि जुना ३२ बिटांचा एआरएम बोर्ड कोणाकडून स्वस्तात मिळाला तर त्यावर लिनक्स चढवून प्रॉक या फोल्डरात सीपीयू, त्यात अलाइनमेंट नावाची फाइल उघडावी. कर्नलने किती वेळा मध्ये पडून तुकडे जोडले त्याची मोजदाद तेथे असते, प्रोग्रामांची 'यूझर' म्हणून वेगळी आणि कर्नलची स्वतःची 'सिस्टीम' म्हणून वेगळी. 'सिस्टीम'पुढचा आकडा वाढत असेल तर मोडका पत्ता कर्नलमधूनच येतो आहे, आणि बहुतेक वेळा पहिली झडती नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरची घ्यावी.